हेड गॅस्केटची गळती (पुनर्बांधणी केलेली इंजिने)

हेड गॅस्केट हा अंतर्ज्वलन इंजिनाचा सिलिंडर ब्लॉक आणि त्यावर बसणारे सिलिंडर हेड यांच्यामधील सांधा बंद ठेवणारा पातळ थर होय. महाराष्ट्रातील गॅरेजांमध्ये त्याला ‘हेड पॅकिंग’ असेही म्हणतात. हा सांधा कोठेही उघडा पडला की ज्वलनवायू, शीतक (कूलंट) किंवा वंगणतेल आपली वाट सोडून दुसऱ्याच्या वाटेत शिरते अथवा इंजिनाबाहेर येते. यालाच हेड गॅस्केटची गळती म्हणतात. अधिक शक्ती मिळविण्यासाठी किंवा शर्यतीसाठी पुन्हा बांधलेल्या इंजिनांमध्ये हा दोष मूळ कारखानी इंजिनांपेक्षा अधिक आढळतो. इंजिन बांधून गाडीत बसविल्यानंतर काही तासांत किंवा पहिल्याच मोठ्या चढावर गळती सुरू झाल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. अशा वेळी केवळ नवे गॅस्केट बसवून इंजिन पुन्हा बंद केले, तर बहुधा तोच दोष पुन्हा उद्भवतो. कारण गळती गॅस्केटमध्ये दिसली तरी तिचे मूळ पृष्ठभागात, बोल्टांच्या ताणात, शीतन व्यवस्थेत किंवा ज्वलनाच्या वेळेत असते.

कार्य आणि भार

एकाच पातळ थराला तीन वेगवेगळ्या पदार्थांना एकमेकांपासून दूर ठेवावे लागते. शीतकाचा दाब साधारण १ बारच्या आसपास असतो, वंगणतेलाचा त्याहून काही पट अधिक, तर ज्वलनकक्षातील दाब क्षणभर यांपेक्षा कितीतरी पटींनी वर जातो. टर्बोचार्जर बसविलेल्या पेट्रोल इंजिनात तो १०० बारच्या घरात किंवा त्याहून अधिक असू शकतो. ८६ मिमी व्यासाच्या सिलिंडरचे क्षेत्रफळ सुमारे ५८ चौरस सेंटिमीटर भरते. १०० बार दाबाला त्यावर पडणारे बल सुमारे ५८,००० न्यूटन, म्हणजे जवळजवळ ५.९ टन वजनाइतके होते. हे बल प्रत्येक स्फोटाला हेड वर उचलू पाहते. मिनिटाला ६,००० फेरे घेणाऱ्या चार-धावी इंजिनात एका सिलिंडरमध्ये असे सेकंदाला ५० स्फोट होतात.

हेड खाली दाबून धरण्याचे काम बोल्ट किंवा स्टड करतात. आवळलेला बोल्ट ताणलेल्या स्प्रिंगसारखा वागतो. त्याचा ताण वायूच्या बलापेक्षा पुरेसा अधिक असेल तोवर सांधा बंद राहतो. इंजिनाची शक्ती वाढविली म्हणजे वायूचे बल वाढते. बोल्ट मात्र पूर्वीचेच राहिले तर ही शिल्लक कमी होते. पुनर्बांधणी केलेल्या शक्तिशाली इंजिनाची मूळ अडचण ही आहे.

त्यात उष्णतेने होणाऱ्या प्रसरणाची भर पडते. अनेक इंजिनांत ब्लॉक बिडाचा (ओतीव लोखंडाचा) आणि हेड ॲल्युमिनियमच्या मिश्रलोहाचे असते. ॲल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या सुमारे दुपटीने प्रसरण पावते. ४५० मिमी लांबीचे हेड ८० अंश सेल्सियसने तापले, तर त्याची लांबी ब्लॉकच्या तुलनेत सुमारे ०.४ मिमी अधिक वाढते. म्हणजे इंजिन प्रत्येक वेळी तापताना आणि थंड होताना हेडचा तळ गॅस्केटवरून किंचित घासत पुढे-मागे सरकतो. गॅस्केटला हे घासणे सहन करीत सांधा धरून ठेवावा लागतो.

गॅस्केटचे प्रकार

जुन्या इंजिनांत तांब्याच्या दोन पत्र्यांमध्ये ॲस्बेस्टॉस घालून केलेली गॅस्केटे असत. ॲस्बेस्टॉसची धूळ फुप्फुसांना घातक ठरल्याने तो वापर मागे पडला. तथापि जुने इंजिन उघडणाऱ्याने चिकटून राहिलेले अवशेष कोरडे खरवडू नयेत, ते ओले करून काढावेत. त्यानंतर ग्रॅफाइट किंवा तंतुमय द्रव्याचा थर असलेली मिश्र गॅस्केटे रूढ झाली. त्यांत प्रत्येक सिलिंडरभोवती धातूचे कडे असते. ही गॅस्केटे दबतात, त्यामुळे पृष्ठभागावरील बारीकसारीक उणिवा झाकल्या जातात. मात्र त्याच दबण्यामुळे पुढे बोल्टांचा ताणही कमी होतो, म्हणून काही मिश्र गॅस्केटांच्या बाबतीत इंजिन एकदा तापवून थंड झाल्यावर बोल्ट पुन्हा आवळण्याची सूचना असते.

सध्या प्रचलित असलेले बहुस्तर पोलादी गॅस्केट स्प्रिंगच्या पोलादाच्या पातळ, उठावदार पत्र्यांचे बनते; बाहेरच्या थरांवर रबरासारखा लेप असतो. हेड उचलले जाऊ लागले तरी उठाव मागे उसळून फट भरून काढतो. अधिक दाबाच्या इंजिनांना हा प्रकार सर्वांत योग्य समजला जातो, पण त्याची एक अट कडक आहे: दोन्ही पृष्ठभाग अतिशय गुळगुळीत आणि सपाट हवेत. शर्यतीच्या इंजिनांत सबंध तांब्याच्या पत्र्याचे गॅस्केटही वापरतात. त्यासाठी ब्लॉकमध्ये किंवा हेडमध्ये खाच पाडून सिलिंडरभोवती तारेचे कडे बसवावे लागते. असे गॅस्केट ज्वलनवायू उत्तम अडविते. पाणी व तेल अडविण्यास मात्र त्याला सीलंटची मदत लागते. रोज रस्त्यावर चालणाऱ्या गाडीत तांब्याचे गॅस्केट घालणे हा बहुधा अनावश्यक उत्साह ठरतो.

लक्षणे

गळती कोणत्या दोन वाटांमध्ये झाली आहे यावर लक्षणे अवलंबून असतात. ज्वलनवायू शीतकात शिरले तर रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येतात, वरचा नळ इंजिन सुरू केल्यावर लगेच फुगून कडक होतो, शीतक बाहेर फेकले जाते आणि हवा अडकल्याने इंजिन तापते. शीतक सिलिंडरमध्ये गेले तर धुराड्यातून गोडसर वासाचा पांढरा धूर येतो व त्या सिलिंडरचा प्लग इतरांपेक्षा स्वच्छ, धुतल्यासारखा दिसतो. दोन शेजारच्या सिलिंडरांमधली पट्टी जळाली तर पाणी किंवा तेल कोठेच जात नाही; फक्त त्या दोन सिलिंडरांचे दाबमापन कमी भरते आणि इंजिन अडखळते. तेल व शीतक यांची गळती झाली तर तेलाला दुधाळ रंग येतो.

शेवटच्या लक्षणाबाबत सावधगिरी हवी. थंड हवेत थोडेच अंतर चालविलेल्या गाडीच्या तेलाच्या झाकणाखाली साठलेल्या बाष्पामुळेही पांढरट साय दिसते. तेवढ्यावरून हेड उतरविणे चुकीचे आहे. तेलमापक कांडीवरील आणि तळाच्या टाकीतील तेल पाहावे. उलट, तेलात खरोखर शीतक मिसळले असेल तर इंजिन मुळीच सुरू करू नये. पाणी मिसळलेल्या तेलाची वंगणशक्ती जाते आणि नव्याने घातलेली बेअरिंगे थोड्याच वेळात निकामी होतात. गाडी रात्रभर उभी असताना सिलिंडरमध्ये शीतक साठले असेल तर धोका आणखी मोठा असतो. द्रव दबत नाही, त्यामुळे स्टार्टर मारताच कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. संशय असल्यास आधी सर्व प्लग काढून इंजिन हाताने फिरवून पाहावे.

निदान

हेड उतरविण्यापूर्वी गळतीची वाट निश्चित करणे महत्त्वाचे असते, कारण हेड उतरल्यावर पुष्कळसा पुरावा नाहीसा होतो. पहिली चाचणी शीतन व्यवस्थेला हातपंपाने दाब देण्याची. थंड इंजिनावर, रेडिएटरच्या झाकणावर लिहिलेल्या दाबाइतका दाब देऊन काटा खाली येतो का ते पाहतात. बाहेर ओल दिसली नाही आणि तरी दाब उतरत असेल तर शीतक आत कोठेतरी जात आहे.

दुसरी चाचणी रासायनिक आहे. रेडिएटरच्या तोंडावर एका नळीत निळ्या रंगाचा द्रव ठेवून त्यातून रेडिएटरमधील हवा ओढतात. या द्रवात ब्रोमोथायमॉल ब्लू हा दर्शक असतो. ज्वलनवायूतील कार्बन डायऑक्साइडमुळे तो पिवळा पडतो. चाचणीच्या वेळी शीतक नळीत ओढले गेल्यास निकाल विश्वसनीय राहत नाही.

तिसरी, आणि बांधणाऱ्याच्या दृष्टीने सर्वांत बोलकी, चाचणी हवागळतीची. दट्ट्या वरच्या टोकाला आणून, इंजिन फिरू नये अशी व्यवस्था करून, प्लगच्या भोकातून सुमारे ७ बार दाबाची हवा सोडतात व किती टक्के हवा निसटते ते दोन मापकांवर वाचतात. चांगल्या बांधलेल्या इंजिनात हे प्रमाण १० टक्क्यांच्या आत असते. आकड्यापेक्षा हवा कोठून निसटते हे ऐकणे अधिक उपयोगी ठरते. कार्बोरेटर अथवा थ्रॉटलमधून फुसफुस ऐकू आली तर अंतर्ग्रहण झडप, धुराड्यातून आली तर निष्कास झडप, तेलाच्या तोंडातून आली तर दट्ट्याच्या कड्या, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट किंवा तडा, आणि शेजारच्या प्लगच्या भोकातून हवा आली तर दोन सिलिंडरांमधील पट्टी गेली असे समजावे. नुकत्याच बोअरिंग केलेल्या इंजिनाच्या कड्या बसलेल्या नसतात, त्यामुळे तेलाच्या तोंडातून येणारी थोडी हवा दोष मानू नये.

रेडिएटरमधील बुडबुड्यांचे कारण नेहमी गॅस्केटच असते असे नाही. हेडला किंवा ब्लॉकला गेलेला तडा अगदी तीच लक्षणे दाखवितो. इंजिन नुकतेच भरले असेल तर अडकलेली साधी हवासुद्धा काही काळ बुडबुडे देते.

पुनर्बांधणीत राहणाऱ्या उणिवा

पृष्ठभाग. सपाटी तपासण्यासाठी हेडच्या तळावर सरळपट्टी लांबीने, रुंदीने आणि दोन्ही कर्णांवर ठेवून खाली फीलर गेज घालतात. बहुतेक निर्मात्यांची मर्यादा ०.०५ ते ०.१० मिमीच्या दरम्यान असते. ब्लॉकचा माथाही असाच तपासावा लागतो. हेड फेसिंगसाठी पाठविले जाते आणि ब्लॉक ‘ठीक दिसतो’ म्हणून तसाच राहतो, हे नेहमीचे आहे. बहुस्तर पोलादी गॅस्केटला पृष्ठभागाचा सरासरी खडबडीतपणा साधारण १.२५ मायक्रोमीटर किंवा त्याहून कमी लागतो. मिश्र गॅस्केटसाठी पूर्वी यापेक्षा खरखरीत पृष्ठभाग योग्य समजत. म्हणून जुन्या पद्धतीने फेसिंग केलेल्या हेडखाली नवे पोलादी गॅस्केट घातले, तर सूक्ष्म चरांमधून शीतक झिरपत राहते. जुने गॅस्केट खरवडण्यासाठी ड्रिलला लावलेली घर्षणचकती वापरणे दोन प्रकारे घातक आहे: ॲल्युमिनियमवर खळगे पडतात आणि चकतीची पूड तेलवाहिन्यांत शिरून बेअरिंगे खाते.

फेसिंगचे परिणाम सांध्यापुरते मर्यादित राहत नाहीत. ८६ मिमी व्यास व ८६ मिमी धाव असलेल्या, १०:१ संपीडन गुणोत्तराच्या सिलिंडरचा माथा ०.२५ मिमी उतरविला तर ज्वलनकक्षाचे आकारमान सुमारे १.४५ घन सेंमीने घटते आणि गुणोत्तर सुमारे १०.२४:१ होते. असे दोन-तीन वेळा झालेले इंजिन बांधणाऱ्याच्या नकळत अधिक संपीडनाचे बनते. शिवाय कॅमशाफ्ट वर असलेले वाकलेले हेड तळाशी सपाट केले तरी कॅमशाफ्टची बेअरिंगे वाकडीच राहतात. अशा हेडला आधी सरळ करणे आवश्यक असते.

बोल्ट. टॉर्क पान्यावर दिसणारा आकडा बोल्टाचा ताण सांगत नाही. लावलेल्या जोरापैकी ढोबळमानाने ५० टक्के बोल्टच्या डोक्याखालील घर्षणात आणि ४० टक्के आट्यांतील घर्षणात खर्च होतो. ताणासाठी उरतात ते जेमतेम १० टक्के. म्हणून आटे कोरडे असणे, तेलाचे असणे किंवा मॉलिब्डेनमयुक्त वंगण लावलेले असणे यांनी एकाच आकड्याला मिळणारा ताण फार बदलतो. स्टडच्या निर्मात्याने दिलेला आकडा त्याने सांगितलेल्या वंगणाबरोबरच वापरायचा असतो. हे घर्षण टाळण्यासाठी अनेक इंजिनांत आधी थोडा टॉर्क देऊन नंतर ठरावीक अंशांतून बोल्ट फिरवितात. असे बोल्ट पुष्कळदा कायमचे लांबेपर्यंत ताणले जातात. ते एकदाच वापरावयाचे असतात.

बोल्टांची भोके हा विषय किरकोळ वाटतो, पण त्यातून ब्लॉक गमावल्याची उदाहरणे आहेत. बंद तळाच्या भोकात तेल किंवा पाणी राहिले, तर आवळताना ते दबत नाही व बिडाला तडा जातो. याउलट काही भोके शीतकाच्या पोकळीत उघडतात. शेव्हरोलेच्या ‘स्मॉल ब्लॉक’ व्ही-८ इंजिनात हेडचे बोल्ट थेट पाण्यात उतरतात. त्यांच्या आट्यांना सीलंट लावले नाही तर शीतक आट्यांवरून वर चढते आणि बांधणारा निर्दोष गॅस्केटला दोष देत बसतो.

गॅस्केटची निवड आणि दिशा. बोअरिंगने सिलिंडरचा व्यास वाढविला असेल तर गॅस्केटचे छिद्र त्याहून थोडे मोठे हवे. आत डोकावणारी कड तापून लाल होते आणि मिश्रण अवेळी पेटविते. फोर्डच्या विंडसर मालिकेतील व्ही-८ इंजिनांच्या गॅस्केटवर पुढची बाजू दाखविणारा शब्द छापलेला असतो. ते उलटे बसविले तर शीतकाचा नेमलेला मार्ग बदलतो, आणि सर्व मोजमापे अचूक असूनही इंजिन तापते.

अवेळी स्फोट. गॅस्केटच्या कड्याचा खरा शत्रू म्हणजे नॉकिंग. ठिणगी फार आधी पडणे, मिश्रणात पेट्रोल कमी असणे, इंधनाचा ऑक्टेन अंक संपीडनाला अपुरा असणे किंवा टर्बोचा दाब वाढविणे यांमुळे मिश्रणाचा उरलेला भाग एकदम भडकतो आणि दाबाचे तीव्र ठोके बसतात. उतरविलेल्या गॅस्केटचे कडे चेपलेले, पसरलेले किंवा एका ठिकाणी जळालेले असेल आणि दट्ट्याच्या माथ्यावर बारीक खड्डे असतील, तर दुरुस्ती ठिणगीच्या व इंधनाच्या मोजमापापासून सुरू करावयास हवी. अधिक मजबूत स्टड आणि अधिक जाड गॅस्केट घालून नॉकिंग दडपण्याचा प्रयत्न केल्यास पुढचा बळी दट्ट्या असतो.

उदाहरण: रोव्हर के-मालिका

ब्रिटनच्या रोव्हर कंपनीचे १९८० च्या दशकाच्या अखेरीस उत्पादनात आलेले के-मालिका इंजिन या विषयातील सर्वांत चर्चिलेले उदाहरण होय. वजनाला हलके आणि फेरे घेण्यास उत्सुक असल्याने ते १९९५ ची एमजी एफ, १९९६ ची लोटस एलिस आणि कॅटरहॅमच्या छोट्या क्रीडामोटारी यांत वापरले गेले, आणि त्यामुळेच त्याची पुनर्बांधणी करून शक्ती वाढविणाऱ्यांचा मोठा वर्ग निर्माण झाला.

या इंजिनाची रचना वेगळी आहे. दहा लांब बोल्ट हेडमधून आणि ब्लॉकमधून आरपार जाऊन खालच्या तेलपट्टीत आवळले जातात. सारे इंजिन जणू थरांच्या चळतीसारखे एकत्र धरलेले असते. सिलिंडर म्हणजे ॲल्युमिनियमच्या ब्लॉकमध्ये बसविलेले सुटे लायनर. मूळ १.४ लिटर इंजिनात सिलिंडरचा व्यास ७५ मिमी होता, १.८ लिटरसाठी तो ८० मिमी करण्यात आला, पण ब्लॉकची लांबी वाढविली नाही. लायनरची वरची कड ब्लॉकच्या माथ्यापेक्षा किंचित वर असणे या रचनेत निर्णायक आहे, कारण त्या कडेवरच गॅस्केटचे कडे दाबले जाते. लायनर खाली बसला असेल किंवा चार लायनर कमी-अधिक उंचीचे असतील तर कोणतेही गॅस्केट टिकत नाही. अनुभवी बांधणारे ही उंची ०.१ मिमीच्या आसपास आणि चारही लायनरांना सारखी ठेवू पाहतात.

मूळ गॅस्केटवर शीतक अडविण्यासाठी रबरासारख्या द्रव्याची उठावदार रेघ होती. काळानुसार ती सुटे. हेड जागी धरणाऱ्या प्लास्टिकच्या खुंट्या मऊ असल्याने हेड किंचित सरके. पुढे त्या पोलादी करण्यात आल्या. इंजिनात शीतक थोडे असते आणि थर्मोस्टॅट थंड पाणी परत येणाऱ्या बाजूला होता, त्यामुळे तापलेल्या ब्लॉकमध्ये एकदम थंड पाणी शिरे. मध्यभागी इंजिन आणि पुढे रेडिएटर असलेल्या एमजी एफ व एलिस यांत लांब नळ्यांत हवा अडकण्याची भर पडे. अंतर्ग्रहण नळांच्या जोडावरून थोडे थोडे शीतक गेले, तरी एवढ्याशा साठ्यात ते लवकर जाणवते. शीतक कमी होते, इंजिन तापते आणि शेवटी हेड गॅस्केट जाते. मालकाला दिसतो तो फक्त शेवटचा टप्पा. जोड तसाच ठेवून गॅस्केट बदलल्यास काही महिन्यांनी तीच दुरुस्ती पुन्हा करावी लागते.

एकदा फार तापलेल्या के-मालिकेच्या हेडचे ॲल्युमिनियम मऊ पडते. फेसिंगनंतर ते आरशासारखे दिसते, पण लायनरची कड त्यात रुतते. म्हणून फेसिंगआधी कठीणपणाची चाचणी घेतात. पुढील काळात बहुस्तर पोलादी गॅस्केट, त्याबरोबर हेडच्या बाजूला घालावयाचा कठीण पातळ पत्रा आणि अधिक भक्कम तेलपट्टी अशी सुधारित जोडणी उपलब्ध झाली. मूळ जोडणीत बोल्ट आवळण्याची पद्धत अशी होती: २० न्यूटन-मीटर, मग १८० अंश आणि पुन्हा १८० अंश. हेड उतरविल्यावर क्रँकशाफ्ट फिरविणे येथे वर्ज्य आहे. लायनर धरून ठेवणारे काही उरत नसल्याने दट्ट्याबरोबर ते वर उचलले जाऊन खालचे बंधन सुटते.

दुरुस्तीचा क्रम

इंजिन पूर्ण थंड झाल्यावर बोल्ट आवळण्याच्या उलट क्रमाने, थोडेथोडे सैल करतात. गरम ॲल्युमिनियमचे हेड उतरविल्यास ते वाकते. काढलेले गॅस्केट फेकू नये; त्यावरील काळे पट्टे, गंजाचे डाग आणि चेपलेले भाग हेडशी जुळवून पाहिल्यास वाट सापडते. नंतर दोन्ही पृष्ठभाग, लायनरची उंची, हेडमधील तडे आणि बोल्टांची भोके तपासतात. आटे साफ करण्यासाठी बोथट टॅप वापरावा. नवा धारदार टॅप धातू काढून आटे कमकुवत करतो.

पृष्ठभाग तेलविरहित करून गॅस्केट कोरडेच बसवितात. बहुस्तर गॅस्केटवर जास्तीचे सीलंट फासल्याने, निर्मात्याने सांगितलेल्या जागा वगळता, फायद्याऐवजी तोटा होतो. बोल्ट मधून बाहेरच्या दिशेने, टप्प्याटप्प्याने आवळतात. शीतक भरताना हवा काढण्याचे स्क्रू उघडे ठेवावेत आणि हीटरची वाट खुली ठेवावी. रेडिएटरचे झाकण नवे घालणे इष्ट; १ बारच्या झाकणाखाली पाणी सुमारे १२० अंशांना उकळते, पण स्प्रिंग थकलेल्या झाकणाखाली ते त्याआधीच उकळून हेडभोवती वाफेचे कप्पे तयार करते. इंजिन प्रथम तापवून पूर्ण थंड होऊ द्यावे, शीतकाची पातळी पुन्हा पाहावी आणि ठिणगी व मिश्रण तपासल्याशिवाय पूर्ण भार देऊ नये.

शीतकात ओतावयाची गळतीरोधक द्रव्ये बाजारात मिळतात. बाहेर झिरपणारी बारीक गळती ती काही काळ थांबवू शकतात. ज्वलनवायूच्या दाबापुढे ती क्वचितच टिकतात, आणि हीटरच्या व रेडिएटरच्या अरुंद नळ्यांत साचून शीतन आणखी मंदावते. जुनी गाडी विकण्यापूर्वी ती वापरली गेली असण्याचीही शक्यता असते, म्हणून रेडिएटरच्या तोंडाशी तपकिरी गाळ किंवा चकाकणारे कण दिसल्यास शीतन व्यवस्था धुऊन मगच निदानाला हात घालतात.